हादगा: लावणाऱ्यांचे, खाणाऱ्यांचे आणि औषध म्हणून विचारणाऱ्यांचे प्रश्न

भाद्रपद लागला की हादग्याची चौकशी सुरू होते. कुणाला भाजी कडू झालेली असते, कुणाला गच्चीत झाड लावायचं असतं, तर कुणाला अर्धशिशीवर रस हवा असतो. नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

हादगा म्हणजे नेमकं कोणतं झाड?

शास्त्रीय नाव सेस्बेनिया ग्रँडिफ्लोरा. हदगा, हादगा, अगस्ता, विदर्भात हेटा, अशी त्याची नावं. कूळ शेंगवर्गीय, म्हणजे तूर, हरभरा, वाल यांचंच. सरळसोट वाढणारं, फांद्या कमी, सावली विरळ. चिंचेसारखा बारीक पाला, पण पान बरंच लांब आणि पानावर दळांच्या, म्हणजे बारीक पानांच्या, दहा ते तीस जोड्या. फूल मात्र या कुळाच्या मानाने केवढं तरी मोठं, 7 ते 10 सेंटिमीटरचं, पांढरं आणि कोयत्याच्या पात्यासारखं वाकडं. शेंगा हातभर लांब, बारीक आणि खाली लोंबणाऱ्या. मूळ आग्नेय आशियातलं मानतात, पण आपल्याकडे ते इतकं जुनं आहे की निघंटूंमध्ये, म्हणजे आयुर्वेदाच्या जुन्या वनस्पतिकोशांत, त्याचे गुण लिहून ठेवलेले सापडतात.

उंची 8 ते 12 मीटरपर्यंत जाते आणि आयुष्य साधारण वीस वर्षांचं. हे आयुष्य लक्षात ठेवून लावलं तर पुढच्या बऱ्याच तक्रारी होतच नाहीत. आंबा-फणसासारखं नातवंडांसाठी लावायचं हे झाड नव्हे. परसातली उंच वाढणारी भाजी समजा आणि तशीच वागणूक द्या.

शेवरी, धैंचा आणि हादगा एकच का?

तिन्ही एकाच वंशातली, पण वेगळी. धैंचा हंगामी, पेरून पन्नासेक दिवसांत फुलोऱ्याच्या आधी गाडायचं हिरवळीचं पीक. शेवरी बहुवर्षायू, पण लहान. फुलं पिवळी आणि बारीक, पाला शेळ्यांच्या आवडीचा. हादगा तिघांत सर्वांत मोठा आणि माणसाच्या ताटात नेमाने येणारा तेवढा एकटाच. रोपवाटिकेत रोपं घेताना चूक होऊ शकते, कारण वीतभर उंचीला शेवरी आणि हादगा सारखेच दिसतात. खात्रीच्या झाडाचं बी आणून लावलेलं बरं.

हादगा हवेतला नत्र जमिनीत घालतो असं म्हणतात. मग शेजारच्या झाडांना खत घालायची गरज नाही ना?

गैरसमज होतो तो इथेच. हवेतला नत्र बांधतात ते मुळांवरच्या गाठींमधले रायझोबियम जीवाणू. झाड त्यांना साखर पुरवतं, ते झाडाला नत्र देतात. हा व्यवहार त्या दोघांतला. शेजारच्या मिरचीला त्यातलं जिवंत मुळांवाटे फारच थोडं पोचतं. नत्र साठतो तो झाडाच्या अंगात, मुख्यतः पाल्यात. पाला खाली पडून कुजला, किंवा छाटून आच्छादन केलं, की मग तो जमिनीला मिळतो. झाड नुसतं उभं ठेवून, गळलेला पाला झाडून रस्त्यावर जाळला तर जमिनीला काहीच मिळालं नाही.

हिशेब करून बघा. हादग्याच्या वाळलेल्या पाल्यात प्रथिनं साधारण 25 टक्के असतात, म्हणजे नत्र 4 टक्क्यांच्या आसपास. काड्या वगळून 10 किलो ओला पाला घेतला तर वाळून अडीच किलो उरतो. त्यात नत्र 100 ग्रॅम. युरियात नत्र 46 टक्के, म्हणजे हा ऐवज दोनशे-सव्वादोनशे ग्रॅम युरियाइतका झाला. चार वाफ्यांच्या परसबागेला ही रक्कम लहान नाही. पाला मऊ असल्याने लवकर कुजतो, काही आठवड्यांतच काड्या तेवढ्या उरतात. मात्र हा सगळाच नत्र हवेतून आलेला असतो असं नाही. काही भाग झाडाने त्याच जमिनीतून उचललेला असतो. तरी खोलवरचं अन्न वर आणून देतं, हेही काही कमी नाही.

गाठी काम करताहेत की नाही, कसं ओळखायचं?

पावसाळ्यात, लहान रोपाच्या बुडाशी, ओली माती खुरप्याने हलक्या हाताने बाजूला करा. मूळ ओढू नका, ओढलं की गाठी मातीतच राहतात. ज्वारीच्या दाण्याएवढ्या किंवा थोड्या मोठ्या गाठी दिसतील. एक तोडून नखाने चिरा. आतून गुलाबी-तांबूस निघाली तर काम चालू आहे. हा रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जातीच्या प्रथिनाचा असतो. पांढरी म्हणजे अजून तयार नाही. हिरवट किंवा करडी, चिरडली की पाणी होणारी, म्हणजे तिचं काम संपलं.

गाठीच नसतील तर जुन्या हादग्याखालची दोन ओंजळी माती आणून रोपाच्या बुडाशी मिसळा. योग्य जीवाणू त्यातून येतात. आणि युरिया घालणं थांबवा. आयता नत्र मिळाला की झाड गाठी पोसायच्या भानगडीत पडत नाही. शेणखत आणि थोडं स्फुरद (फॉस्फरस) पुरे.

लावायचं कसं आणि कधी?

जून-जुलैत, बी थेट जागेवर. रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, पेराएवढं खोल टोचा. आठवड्याभरात उगवतं. पिशवीत रोप केलं तर महिना-दीड महिन्यात जमिनीत हलवा. उशीर केला की मूळ पिशवीत वळतं आणि पुढे झाड वाऱ्याला टिकत नाही. फुलांसाठी दोन झाडांत तीन-चार मीटर, पाल्यासाठी मीटर-दीड मीटर.

जमिनीची फार कुरकुर नाही. काळी भारी चालते, थोडी चोपण, म्हणजे खारवट जमीनही चालते, पावसाळ्यात काही दिवस पाणी साचलं तरी तग धरतं. इंडोनेशियात भातखाचरांच्या बांधावर लावतात ते म्हणूनच. कोकणातही बांधाला चांगला. देशावर पहिला उन्हाळा पाण्यावर काढावा लागतो. थंडी मात्र सोसत नाही. पारा 10 अंशांखाली वारंवार जात असेल तर पाला गळतो, आणि धुक्या-दवाच्या उंच घाटमाथ्यावर याच्या नादी लागू नये.

वाढ बघून नवखे चकित होतात. चांगल्या जमिनीत वर्षात चार मीटरच्या वर जातं आणि बऱ्याचदा पहिलं फूलही वर्षाच्या आसपास येतं.

उंच वाढलं, फुलं हाताला येत नाहीत. बुडापासून छाटू का?

नको. शेवरी बुडाजवळ कापली तरी फुटते, हादगा पुन्हा पुन्हा असा कापला तर मरतो. पुरुषभर उंचीला पहिल्या वर्षीच शेंडा खुडा, म्हणजे बाजूच्या फांद्या धरतात. पुढे छाटणी पावसाळ्याच्या सुरुवातीला, आणि एका वेळी सगळा पाला कधीच काढायचा नाही. काही हिरव्या फांद्या राहू द्यायच्या.

फुलं काढायला झाडावर चढू नका. लाकूड ठिसूळ असतं आणि फांदी कुरकुर न करता मोडते. बांबूला आकडी बांधा, खाली जुनी चादर पसरा.

पानमळ्यात हादगा का लावतात?

नागवेलीला चढायला जिवंत आधार लागतो आणि वर विरळ सावली लागते. मिरज-सांगलीकडच्या पानमळ्यांत शेवरी, हादगा, शेवगा, पांगारा यांचं बी आधी लावतात ते यासाठी. वेल वर आधाराला बांधत न्यायचा, वर्षाकाठी उतरण करायची, म्हणजे वाढलेला वेल खाली उतरवून घ्यायचा, आणि मधूनमधून आधाराच्या झाडांचा पाला छाटून ऊन किती आत येऊ द्यायचं ते ठरवायचं. छाटलेला पाला गुरांना किंवा वाफ्यात. ज्याला आज बहुस्तरीय शेती म्हणून शिकवतात ती पानमळेवाले किती पिढ्या करत आलेत, पण त्यांना कुणी व्याख्यानाला बोलावत नाही.

गच्चीवर, ड्रममध्ये येईल का?

येईल, पण कुंडीत नाही. शंभरेक लिटरचा ड्रम, भिंतीच्या आडोशाला, शेंडा खुडून पाच-सहा फुटांवर धरलेला. तीन-चार वर्षं फुलं द्यावीत आणि मग नवं लावावं. उघड्या गच्चीवर वादळी पावसात ड्रमसकट आडवं होतं, त्यामुळे कठड्याला बांधून ठेवा.

सोसायटीच्या आवारात लावणार असाल तर आणखी एक. शहरी भागात झाड तोडायला पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, मग ते तुम्हीच लावलेलं का असेना. गाड्या लावायच्या जागेवर हादगा नको. म्हातारा झाला की फांद्या टाकतो.

भाजी कडू का होते?

फुलाच्या पोटातली दांडी काढली नाही म्हणून. फूल हातात घ्या. बुडाशी हिरवी टोपी, ती खुडा. पाकळ्या अलगद उघडल्या की मध्ये लांब, वाकडा, टोकाला पिवळसर परागांचा जुडगा दिसेल. तो आणि त्यातली कोवळ्या शेंगेची दोरी, दोन्ही एका झटक्यात ओढून काढायचं. कडूपणा मुख्यतः तिथे असतो. पूर्ण न उमललेली, होडीसारखी मिटलेली फुलं भाजीला सर्वांत चांगली. उमलून दिवस झालेलं फूल कडा तपकिरी करतं, ते घेऊ नये.

निवडताना प्रत्येक फूल उघडून बघा. मुंग्या हमखास असतात, कधी अळीही. मधासाठी शिंजीर पक्षी सकाळपासून झाडावर असतात, मुंग्याही त्याच आशेने येतात. धुवायचं ते निवडून झाल्यावर, आणि पाण्यात भिजत ठेवायचं नाही.

तरीही थोडा कडसरपणा राहतोच. तो अजिबात नको असेल तर दुसरी भाजी करा.

करायची कशी?

घरोघरी वेगळी. सगळ्यात सोपी अशी: तेलात मोहरी, हिंग, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, कांदा गुलाबी करायचा, भिजवलेली मूगडाळ घालून वाफ आणायची, डाळ बोटचेपी झाली की चिरलेली फुलं, मीठ, चिमूटभर गूळ. पाच-सात मिनिटं पुरेत. झाकण फार वेळ ठेवलं तर फुलं पाणी सोडून गिचका होतात. वर ओलं खोबरं. भांडंभर फुलांची वाटीभर भाजी होते, तेव्हा माणसं मोजून फुलं घ्या.

मूगडाळीऐवजी डाळीचं पीठ पेरूनही करतात. भाकरीबरोबर तीच जास्त जमते. भज्यांना फूल अख्खं ठेवावं, पीठ पातळ असावं. बंगालमध्ये याच फुलांना बकफूल म्हणतात आणि तांदळाचं पीठ घालून कुरकुरीत तळतात. डाळीच्या पिठात एक-दोन चमचे तांदूळपिठी घालून बघा, फरक कळेल. कोवळ्या शेंगांचीही भाजी होते, पण शेंग करंगळीहून जाड झाली की सोडून द्यावी.

पाला खातात का?

आपल्याकडे फारसा नाही, तमिळनाडूत मात्र भरपूर. तिथे याला अगत्ती म्हणतात, आणि एकादशीचा उपास द्वादशीला सोडताना हा पाला ताटात असावा अशी रीत आहे. कोवळी दळं काडीवरून ओरबाडून, बारीक चिरून, लाल मिरचीच्या फोडणीवर परतून वर खोबरं. चव कडू आणि उग्र. मेथी आवडणाऱ्यांना जमेल. तिथलेच लोक दोन गोष्टी बजावतात: रोज खायचा नाही, आणि सिद्ध (तमिळनाडूतली पारंपरिक वैद्यकपद्धती) वैद्याचं औषध चालू असताना खायचा नाही, औषधाचा गुण जातो. जास्त झाला तर पोट बिघडतं, हा मात्र अनुभवाचा भाग आहे.

पोषण खरंच इतकं आहे का?

पाल्यात आहे. 100 ग्रॅम ताज्या पाल्यात कॅल्शियम 900 ते 1100 मिलिग्रॅम, प्रथिनं 8 ग्रॅमच्या आसपास, शिवाय जीवनसत्त्व ‘अ’ ज्यापासून बनतं ते कॅरोटीन भरपूर. दुधात तेवढ्याच वजनाला कॅल्शियम सुमारे 120. म्हणून लगेच दूध बंद करू नका. पाल्यातलं सगळं कॅल्शियम शरीर उचलत नाही, आणि एका वेळी पाला खाल्ला जातो तो मूठभर.

फुलांत जवळजवळ 92 टक्के पाणी. उष्मांक 27, ‘क’ जीवनसत्त्व 70 मिलिग्रॅमच्या आसपास आणि तेही शिजवताना बरंचसं जातं. फुलं चवीसाठी आणि ऋतूसाठी खावीत. व्हॉट्सअॅपवर ‘शंभर रोगांवर एक फूल’ म्हणून जे फिरतं त्यासाठी नव्हे.

आयुर्वेदात याचे काय उपयोग सांगितले आहेत?

निघंटूंमध्ये हादगा थंड, कडू-तुरट, कफपित्त कमी करणारा असा येतो. पडसं-पीनस, चौथ्या दिवशी उलटून येणारा ताप आणि रातांधळेपणा हे त्याचे खास विषय. रातांधळेपणाचं बघा: ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाने तो होतो हे विसाव्या शतकात कळलं, आणि हा पाला कॅरोटीनने भरलेला. पूर्वी पाहून-अनुभवून नोंदलेली गोष्ट आणि आजचं ज्ञान इथे जुळतं. पण चौथ्या दिवशीचा ताप म्हणजे बहुधा हिवताप, आणि त्यावर आज हादग्याचा रस पिऊन बसणं हा शुद्ध आचरटपणा. रक्त तपासा, औषध घ्या.

प्रयोगशाळेत पाला-फुलांच्या अर्कावर पुष्कळ काम झालं आहे: सूज, जंतू, यकृत, साखर. बहुतेक उंदरांवर किंवा परीक्षानळीत. तेवढ्यावरून माणसासाठी मात्रा सांगता येत नाही.

अर्धशिशीला पानांचा रस नाकात घालतात. घालू का?

ही जुनी रीत आहे, नस्य म्हणून. वैद्यासमोर, त्यांनी दिलेल्या प्रमाणात केलं तर तो त्यांचा आणि तुमचा प्रश्न. घरी पाटा-वरवंट्यावर वाटून, नळाचं पाणी घालून, फडक्यातून पिळून नाकात सोडणं धोक्याचं. रस झोंबतो, आणि न उकळलेलं पाणी नाकात ओढल्याने मेंदूचा जीवघेणा संसर्ग झाल्याचे प्रकार नोंदले गेले आहेत. मुलांच्या बाबतीत तर अजिबात नको. फुलांचा रस डोळ्यांत घालणं हाही असाच सल्ला आहे. डोळ्यांत काहीही घालू नका.

गरोदरपणात, मधुमेहात चालतो का?

फुलांची भाजी नेहमीच्या भाजीसारखी खायला हरकत दिसत नाही. अर्क, काढे, चूर्ण मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. साखरेच्या गोळ्या चालू असतील तर नक्कीच नको. सालीचा काढा कुणीही घरी करू नये, जास्त झाला की उलट्या होतात.

गुरांना, शेळ्यांना, कोंबड्यांना घालता येतो का?

गाई-शेळ्यांना उत्तम, पण एकटा नाही, कडब्यात-गवतात मिसळून. प्रथिनं इतकी की निम्म्याहून कमी ठेवलेलाच बरा. कोंबड्यांना मात्र बिलकूल घालू नका, त्यांना विषारी ठरतो. परसात कोंबड्या मोकळ्या फिरत असतील तर छाटलेला पाला उघड्यावर टाकून ठेवू नका.

कीड काय पडते?

खोड पोखरणारी अळी मुख्य. बुंध्यावर भोक आणि खाली भुसा दिसला की तारेने अळी बाहेर काढा, भोक मातीने लिंपा. कोवळ्या शेंड्यांवर मावा येतो, पाण्याच्या फवाऱ्याने जातो. फुलं खायची असल्याने विषारी फवारण्यांच्या वाटेला जाऊ नका. मुळांवर सूत्रकृमीच्या, म्हणजे मातीतल्या अतिबारीक कृमींच्या, गाठीही येतात. त्यांना रायझोबियमच्या गाठी समजून खूश होऊ नका. जीवाणूंची गाठ मुळाला चिकटलेली असते आणि सहज सुटते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं असतं.

मुलींचा हादगा आणि हे झाड, संबंध काय?

वेळेचा संबंध उघड आहे. सूर्य हस्त नक्षत्रात जातो तो सप्टेंबरच्या 27 तारखेच्या सुमाराला. तिथून सोळा दिवस हादगा. पाटावर हत्ती, भोवती फेर, शेवटी खिरापत ओळखायची. झाडाच्या फुलांचा बहरही याच सुमाराला सुरू होऊन थंडीत चालू राहतो. खेळाचा मान मात्र हत्तीचा आहे. खिरापत म्हणून हादग्याच्या फुलांची भजी कुणी केली तर ओळखायला मुलींना बराच वेळ लागेल, एवढं नक्की.

परदेशात फुलं मिळतील का?

भारतीय दुकानात शोधू नका. फिलिपिनो दुकानात ‘कातुराय’, थाई दुकानात ‘डोक खे’ म्हणून विचारा. गोठवलेली मिळण्याची शक्यता जास्त. फिलिपिन्समध्ये उकडून कोशिंबीर करतात, थायलंडमध्ये आंबट रश्श्यात घालतात. गोठवलेली फुलं भज्यांना चालत नाहीत, पाणी सुटतं. पीठ पेरून करा.

बी कधी धरायचं?

शेंगा झाडावरच तपकिरी होऊ द्या. साधारण उन्हाळ्याच्या तोंडाशी त्या खडखडायला लागतात. पूर्ण उलण्याआधी उतरवा, सावलीत वाळवा, मळा, किडके दाणे काढा. राखेत घोळून काचेच्या बरणीत ठेवलं तर पावसापर्यंत निर्धास्त. एका झाडाचं बी अख्ख्या आळीला पुरून उरतं, तेव्हा सगळ्याच शेंगा बियांना ठेवू नका. बाकीच्या कोवळ्या असतानाच काढल्या तर झाड फुलायचं थांबत नाही.